मिआओंच्या गावात तीन रात्री

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तू इतक्या वेळा चीनला गेलास, वीस मिनिटं चीनवर बोल." मी म्हटले, मी रंगरसायने विकणारा माणूस. बावीस वर्षे ग्वांगझूला ये-जा केली, पण त्यातला बहुतेक वेळ गोदामे, हॉटेले आणि प्रदर्शनाचे मंडप बघण्यात गेला. जेवणानंतरच्या सत्रात तेवढ्यावर बोललो तर तुम्ही सगळे झोपाल. पण तिथल्या डोंगरातल्या एका गावात मी तीन रात्री राहिलो होतो. ती गोष्ट मी घरीसुद्धा पुरती सांगितलेली नाही. इथे सांगतो, कारण तिचा थोडा संबंध तुमच्याशी आहे. तो पुढे येईल.

ते गाव मिआओ लोकांचे. चीनमध्ये हान लोकांशिवाय पंचावन्न समाजांना अधिकृत मान्यता आहे, त्यांतला हा एक. संख्या एक कोटीच्या वर. सगळ्यांत मोठी वस्ती नैर्ऋत्येच्या ग्वेइझोऊ प्रांतात. व्हिएतनाम-लाओसच्या डोंगरांत जे ह्मोंग म्हणून ओळखले जातात, ते यांचेच भाऊबंद. ग्वेइझोऊबद्दल चिनी लोकांत एक जुनी म्हण आहे, की तिथे सलग तीन दिवस ऊन नाही, सलग तीन ली सपाट जमीन नाही आणि माणसाच्या गाठीला तीन दाणे चांदी नाही. ली म्हणजे आपला साधारण अर्धा किलोमीटर. तिसरी गोष्ट आता तितकी खरी राहिलेली नाही. पहिल्या दोन मी स्वतः तपासून आलो आहे.

आमच्या ग्वांगझूच्या कार्यालयात एक दुभाष्या होता, तिशीतला मुलगा, मिआओ. नाव सांगत नाही, त्याच्या गावाचेही सांगत नाही. ज्यांच्या घरी जेवलो त्यांना न विचारता चव्हाट्यावर आणणे बरे नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात प्रदर्शन संपल्यावर त्याने चार दिवसांची रजा मागितली. त्याचा थोरला भाऊ दोंगग्वानच्या एका कारखान्यात पंधरा वर्षे काम करून पैसे साठवून गावात घर बांधत होता, आणि त्या घराची उभारणी होती. मी सहज म्हणालो, "माझे वडील सुतार होते." तो म्हणाला, "मग चला."

२०१४ च्या डिसेंबरापासून ग्वांगझू ते ग्वेइयांग वेगवान रेल्वे धावते. तीमधून मधल्या रोंगजिआंगला उतरायचे. ज्यांनी आपल्या कोकण रेल्वेने प्रवास केला आहे त्यांना वेगळे काही सांगायला नको. बोगदा, पूल, बोगदा, पूल, मध्ये एक क्षण हिरवे काहीतरी, पुन्हा बोगदा. फक्त हे सगळे चारपट वेगाने. रोंगजिआंगहून एक लहान बस, आणि शेवटचा तासभर दुभाष्याच्या मेहुण्याची मालवाहू गाडी. पाऊस पडत नव्हता, पण सगळे ओले होते. आपल्याकडे आंबोलीला जुलैत असते तसे.

गाव एकदम दिसले. एका वळणावर धुके फाटले आणि समोरच्या उतारावर, खालपासून वरपर्यंत, काळपट तपकिरी घरे एकावर एक रचल्यासारखी. सत्तर-ऐंशी असतील. खाली दरीत आणि बाजूला भाताच्या पायऱ्या. जी काही थोडी सपाट जमीन आहे ती भाताला द्यायची आणि माणसांनी उतारावर राहायचे, असा तिथला हिशेब आहे. म्हणून घराचा मागचा भाग डोंगर खणून केलेल्या जोत्यावर आणि पुढचा भाग लांब खांबांवर. पुढून बघाल तर तीन मजले, मागून बघाल तर दोन. मागच्या वाटेने आत शिरलात की तुम्ही थेट मधल्या मजल्यावर.

तळाला गुरे, डुकरे, जळण, नांगर. मधल्या मजल्यावर माणसे. वर माळ्यावर भात, मका, मिरच्यांच्या माळा. मधल्या खणात पूर्वजांचे स्थान, म्हणजे आपल्या माजघरातला देव्हारा म्हणा. आणि पुढच्या बाजूला एक गंमत असते. दरीकडे तोंड करून लांबलचक लाकडी बाक, आणि त्याची पाठ बाहेरच्या बाजूला वाकवलेली, गाडीच्या सीटसारखी. चिनी भाषेत त्याचे नाव 'मेइरेन काओ', म्हणजे रूपवतीचे टेकण. नाव असे, पण मी पाहिले तेव्हा त्याला टेकून एक आजीबाई चष्मा नाकावर ओढून भरतकाम करत होत्या. घरातला सगळ्यांत चांगला उजेड तिथेच येतो.

दारात स्वागताला बैलाच्या शिंगातून तांदळाची दारू. दुभाष्याने आधीच बजावले होते, शिंगाला हात लावायचा नाही, ओठ लावून एक घोट घ्यायचा. हात लावला की ते सगळे तुमचे. माझा चष्मा घसरला, सावरायला हात वर गेला, आणि तो शिंगाला लागला. पुढचे दोन तास मला नीट आठवत नाहीत. आपल्या वर्गातले काही जण आत्ता का हसताहेत ते मला माहीत आहे.

जेवणात आंबट रश्श्यातला मासा. भाताच्या खाचरातच मासे सोडतात आणि कापणीच्या वेळी धरतात. रस्सा आंबवलेल्या टोमॅटो-मिरचीचा. मला सोलकढीची आठवण आली असे म्हणणार होतो, पण खरे सांगायचे तर चव अगदी वेगळी आहे. आठवण आली ती आंबटाची गरज ओळखणाऱ्या माणसांची. चिकट भात हाताने मुटका करून खातात, त्यामुळे काड्यांशी झुंजावे लागले नाही.

रात्री झोपलो आणि पहिल्याच झोपेत घंगाळ वाजवल्यासारखा आवाज आला. एक माणूस गल्लीगल्लीतून घंटानाद करत ओरडत चालला होता. मला वाटले चोर आले. दुभाष्या अंथरुणातूनच म्हणाला, "विस्तव बघा, म्हणतोय." त्या भागातल्या लाकडी गावांत हा रोजचा रिवाज आहे. सगळे गाव देवदारासारख्या हलक्या लाकडाचे, घराला घर चिकटलेले, आणि प्रत्येक घरात चुलाण. २०१४ च्या जानेवारीत त्याच जिल्ह्यातले बाओजिंग नावाचे डोंग लोकांचे जुने गाव एका रात्रीत शंभराच्या आसपास घरे गमावून बसले. म्हणून धान्याची कोठारे घरांपासून लांब बांधतात, काही गावांत तर तळ्यात खांब रोवून पाण्यावर. घर गेले तरी वर्षाचा भात राहावा. लाकडी घर म्हटले की आपण शहरातली माणसे उसासे टाकतो. ज्यांना त्यात निजायचे असते ते आधी विस्तवाचा विचार करतात.

दुसऱ्या दिवशी मला दुभाष्याच्या मामांपुढे नेले. तेच मुख्य सुतार. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटकुळे, एक कान पूर्ण बहिरा. मीही त्यांना मामाच म्हणू लागलो. आमचे बोलणे मराठी माणसाच्या इंग्रजीतून दुभाष्याच्या चिनीत, आणि तिथून मिआओत, तेही चांगल्या कानाशी ओरडून. म्हणजे फार बोलणे नव्हतेच. पण हत्यारे बघितली आणि मी तिथेच बसलो. करवत, रंधा, पटाश्या, वाकस. शाईच्या डबीतून ओढून ताणलेला दोरा, तो टिचकी मारून लाकडावर काळी रेघ उमटवायची. आमच्या घरी बाबा गेरूत बुडवलेले सूत मारत. मी लहानपणी त्या सुताचे दुसरे टोक धरून उभा असे आणि हलल्याबद्दल ओरडा खात असे.

नकाशा नव्हता. कागदाचा एक कपटासुद्धा नव्हता. चिरलेल्या एका लांब बांबूच्या आतल्या पांढऱ्या अंगावर मामांनी सगळ्या घराची मापे खुणांनी लिहिलेली होती. कुठल्या खांबाला कुठे खोबण, केवढी, कुठून कुठे तुळई. शेकडो सांधे आणि एक बांबू. मापांच्या शेवटी आठचा आकडा यावा असे ते बघतात, शुभ म्हणून. बाबासुद्धा जोत्याची लांबी-रुंदी घेऊन 'आय' काढत बसायचे आणि तो बरा येईना तर दोन बोटे इकडेतिकडे करायचे. लोखंडी खिळा मी सांगाड्यात एकही बघितला नाही. कुसू खोबणीत, वर लाकडाची पाचर. मिआओंच्या या घरबांधणीच्या कौशल्याला चीन सरकारने २००६ साली राष्ट्रीय वारशाच्या पहिल्या यादीत घातले. मामांना ते कळल्यावर काय वाटले, असे मी विचारले. ते म्हणाले, "यादी पाहायला शिकाऊ पोरगा पाठवा म्हणावं." शिकायला कोणी नव्हते. दुभाष्या मान खाली घालून हे भाषांतर करत होता, कारण सगळ्यांत जवळचा भाचा तोच.

या दोघांचा वाद माझ्यासमोरच चालू होता. दुभाष्याचे म्हणणे, तळमजला विटांचा करा. डुक्कर आता कोण पाळतो? तिथे न्हाणी, संडास, स्वयंपाकघर घ्या, आगीची भीती तेवढीच कमी. बाजूच्या दोन घरांनी तसेच केले होते. तळाला सिमेंट आणि वर जुने लाकूड. मला ते आधी कसेतरीच दिसले. पण त्या आजीबाईंना रात्री कंदील घेऊन शिडीवरून संडासला उतरताना बघितले आणि माझे मत बदलले. मामांनी शेवटी मान्य केले, एका अटीवर. खांब जोत्यापर्यंत खाली आलेच पाहिजेत, भिंत मधे भरा हवी तर, भार तिच्यावर नको. कारण काय, तर उद्या घर दुसरीकडे न्यायचे झाले तर नेता यावे. दुभाष्याने मला समजावून सांगितले, की अशा घराच्या पाचरा काढल्या की सांगाडा सुटा होतो, खांबांवर शाईच्या खुणा असतातच, आणि दुसऱ्या जागी तो पुन्हा उभा करतात. मामांचे स्वतःचे घर त्यांच्या आजोबांनी पलीकडच्या डोंगरावरून आणलेले.

मग मामांनी मला विचारले, "तुझ्या बापाने घर बांधलं होतं का? स्वतःचं?"

मी म्हटले, हो.

"आहे?"

मी म्हटले, आहे.

आता मित्रांनो, इथे मला थांबले पाहिजे, कारण ते घर तुम्ही पाहिलेले आहे. देवळामागचे आमचे माडीचे घर. तुमच्यातल्या निदान दहा-बारा जणांनी दहावीच्या वर्षी त्या माडीवर कंदिलाच्या उजेडात गणिते सोडवली आहेत, आणि आमच्या आईच्या हातची तांदळाची पेज प्यायली आहे. जांभ्याच्या भिंती, फणसाचे खांब, ऐनाच्या तुळया. १९६१ साली बाबांनी स्वतः आणि एका मदतनिसाच्या जोरावर ते उभे केले. २००७ साली आम्ही भावांनी ते पाडले. स्लॅबचे घर बांधायचे होते, आणि त्यात चूक काही नव्हती. छप्पर गळत होते, वाळवी लागली होती, कौले शाकारायला माणूस मिळत नव्हता. जुने लाकूड घेणारा एक व्यापारी आला. त्याला खांब हॉटेलवाल्यांना द्यायचे होते. साठ हजार ठरले.

बाबा तेव्हा एकोणऐंशीचे. चालता येत नव्हते. त्यांना शेजाऱ्यांच्या ओटीवर खुर्चीत बसवले होते. तिथून ते मजुरांना ओरडून सांगत होते, आधी वरची पाचर काढ, मग तुळई उचल, कुऱ्हाड लावू नकोस, ते सुटं होतंय, सुटं होतंय. मजुरांनी दोन-तीन पाचरा काढल्याही. वेळ लागत होता. ट्रक उभा होता आणि संध्याकाळी मला मुंबईची गाडी होती. मी मजुरांना म्हणालो, पहार घाला. बाबांनी ते ऐकले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, आणि त्या विषयावर पुढच्या दोन वर्षांत कधीच नाही. मग ते गेले.

तर अशा माणसाने मामांना सांगितले, की आहे.

उभारणी तिसऱ्या दिवशी पहाटे होती, अंधारातच. पाच खांब आणि त्यांना आडव्या तुळया, अशी एक चौकट जमिनीवर आडवी जोडून ठेवलेली असते. अशा चार चौकटी. म्हणजे तीन खणी घर. मामांनी हातात कोंबडा धरून काही पुटपुटले. आपल्याकडे राखणदाराला देतात तसाच कोंबडा, तसाच ओशाळलेला. मग गावातले चाळीस-पन्नास पुरुष दोरांना आणि बांबूंना लागले. बाहेर नोकरीला असलेलेही बरेच आले होते, कारण मिआओंचे नवे वर्ष त्याच महिन्यात असते. एक हाळी, आणि पहिली चौकट करकरत उभी राहिली. तो आवाज मला वर्णन करून सांगता येणार नाही. ज्यांनी लहानपणी देवळाच्या सभामंडपाचे काम पाहिले असेल त्यांना आठवेल. दुसरी उभी राहिली तेव्हा दोघींमध्ये आडवी तुळई वरून बसवायची होती. कुसू खोबणीत शिरली, आणि मामांनी खालून माझ्याकडे बोट दाखवून दुभाष्याला काही सांगितले.

तो म्हणाला, "खालच्या तुळईची पाचर तुम्ही मारायची. सुताराचा मुलगा आहात, बापाचं घर सांभाळलंत, तुमचा हात चांगला, असं म्हणतात मामा."

सगळे बघत होते. मी लाकडी हातोडा घेतला आणि तीन ठोक्यांत पाचर बसवली. लोकांनी आरोळी दिली.

मधला एक खांब वेगळ्या झाडाचा होता. मेपलसारखी पाने असलेले ते झाड गावाच्या वेशीवरही उभे होते, आपल्या देवराईसारखे, कोणी हात लावत नाही. मिआओंच्या जुन्या कथेत त्याच झाडातून फुलपाखरू-आई जन्मली आणि तिच्या बारा अंड्यांतून माणूस, वाघ, साप, म्हैस असे सगळे झाले. म्हणजे त्यांच्या घराच्या मध्यावर त्यांची पूर्वज उभी असते. हे सगळे लोक पिढ्यान्‌पिढ्या गाण्यांतून सांगत आले. त्या बोलीला रोमन लिपी मिळाली तीच १९५० च्या दशकात.

दिवस वर आल्यावर आढे चढवले. वर बसलेल्या माणसांनी तांदळाच्या चिकट पिठाचे गोळे खाली फेकले, ते झेलायला पोरे आणि बायका. मलाही एक मिळाला. दुभाष्याच्या भावाने खालून सगळा सोहळा फोनवर दोंगग्वानच्या सोबत्यांना थेट दाखवला. सुट्टी संपल्यावर तो परत जाणार होता. त्या घरात तो वर्षातून पंधरा दिवस राहील, एरवी ती आजीच.

परतीच्या वाटेवर आम्ही शिजिआंगला एक दिवस काढला. हजार घरांचे मिआओ गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. तिकीट काढून आत जावे लागते. रात्री सगळ्या डोंगरावर दिवे, खाली दुकाने, भाड्याने मिळणारे चांदीचे मुकुट घालून फोटो काढणाऱ्या शहरातल्या मुली. नाक मुरडणे सोपे आहे. पण तिकिटाच्या पैशातला एक वाटा घरे राखल्याबद्दल घरमालकांना मिळतो, आणि तिथली तरुण पोरे गावातच होती, हे मी पाहिले.

तिथल्या हॉटेलात रात्री मी दुभाष्याला खरे काय ते सांगितले. पहार, ट्रक, सगळे. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामांना सांगू?" मी म्हटले, इतक्यात नको. ते 'इतक्यात' अजून चालू आहे. दुभाष्या आता दुसऱ्या कंपनीत आहे, पण नव्या वर्षाला त्याचा निरोप येतो. मामांनी ऐंशी ओलांडली. प्रत्येक निरोपात एक ओळ असते, की मामा विचारतात, हिंदुस्थानातल्या सुताराच्या घराचा फोटो कधी पाठवणार?

माझ्याकडे फोटो नाही. बाबांच्या घराचा एकही नाही. आमच्याकडे कॅमेरा नव्हता, आणि २००७ साली मोबाइलवर मी जे फोटो काढले ते पायाच्या खड्ड्याचे.

पण निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, १९७९ च्या फेब्रुवारीत, आपण काही जण आमच्या अंगणात जमलो होतो. मुंबईहून आलेल्या कुणाच्यातरी मामाने क्लिक थ्री कॅमेऱ्याने आपला फोटो काढला होता. आपण ओटीच्या पायऱ्यांवर बसलो होतो आणि मागे दोन खांब नि माडीचा कठडा येत होता, एवढे मला पक्के आठवते. त्याची प्रत कोणाकडे तरी असणार. जुन्या ट्रंका, आईच्या पोथ्यांतली पाने, आल्बमच्या मागचे कप्पे, जरा बघा. फोटो पुसट असला, अर्धा फाटलेला असला, तरी चालेल. मामांना तो पाठवताना मागच्या बाजूला दुभाष्याकडून मिआओत दोन्ही साले लिहून घेणार आहे, बांधल्याचे आणि पाडल्याचे.

संध्याकाळच्या चहापर्यंत मी इथेच आहे. ज्याच्याकडे फोटो असेल त्याने मला गाठावे.